आठवणीचा पिवळा चिमटा

मित्रांनो, मला पाहून तुम्ही नक्की हसाल. ‘हा तर कपडे वाळत घालायचा चिमटा! याची कसली आली जीवनकहाणी?’ असेही म्हणाल. म्हणा बापडे. मी एक जुना लाकडी चिमटा आहे, हे काही खोटे नाही. माझा पिवळा रंग कडांना उडाला आहे आणि एका पायाला बारीकशी चीर गेली आहे. पण मी गेली कित्येक वर्षे एका इस्पितळात डॉक्टरांना आठवण करून देण्याच्या कामावर आहे. होय, डॉक्टरांना! ज्यांच्या नावामागे पदव्यांचे लांबलचक शेपूट असते, त्यांनाच. तेव्हा माझा थोडासा रुबाब सहन करा.

माझा जन्म खोकी बनवणाऱ्या एका कारखान्यात झाला. खोक्यांना नको झालेल्या लाकडाच्या तुकड्यांतून आम्हाला कापले गेले. दोन पाय, मध्ये तारेची एक स्प्रिंग आणि वरून रंगाचा हात, एवढाच आमचा संसार. चिमट्याच्या अंगी दोनच गुण लागतात: धरायचे आणि सोडायचे नाही. माणसाच्या अंगी हे गुण आले की लोक त्याला हट्टी म्हणतात. आमच्यात याच गुणांवर पोट भरते.

माझी पहिली नेमणूक इस्पितळाच्या गच्चीवर झाली. तिथे सकाळपासून चादरी, अभ्रे, हिरवे गाऊन वाळत पडायचे. वाऱ्याशी माझे उभे वैर होते. तो ओढायचा आणि मी धरून ठेवायचो. उन्हाने माझा रंग विटला, पावसाने लाकूड फुगले, पण मी एकही चादर खाली पडू दिली नाही. मला वाटले होते, आपला जन्म इथेच, दोरीवरच जाणार. तसा गेला असता तरी माझी काही तक्रार नव्हती. गच्चीवर हवा छान होती.

पण नशिबाचे फासे कुठे पडतील हे कोणी सांगावे? गच्चीच्या खालच्याच मजल्यावर मनाच्या आजारांचा विभाग होता. तिथल्या प्रमुख डॉक्टर, ज्यांना सगळे ‘मोठ्या बाई’ म्हणत, दुपारी ओपीडी संपली की चहाचा कप घेऊन गच्चीवर यायच्या. त्यांच्याबरोबर विभागाच्या सिस्टर असायच्या. एके दिवशी बाईंचा चेहरा उतरलेला होता. चहा निवून गेला तरी त्यांनी घोट घेतला नव्हता.

“आज पुन्हा राहिलं,” बाई म्हणाल्या. “त्या मुलीच्या आईशी बोलायचं होतं. आई बाहेर बाकावर बसलेली होती. मुलगी गेली, आईही गेली, आणि मला आठवतंय ते आत्ता!”

“अहो बाई, तुम्हाला तर त्या मार्गदर्शिकेचं पान न् पान पाठ आहे,” सिस्टर म्हणाल्या.

“पाठ आहे गं. पाठ असून काय करू? समोर माणूस रडत असतो, दारात रांग खोळंबलेली असते, मध्येच फोन वाजतो. त्या घटकेला पान कुठलं आठवायला?”

मित्रांनो, ही मार्गदर्शिका म्हणजे एक जाडजूड पुस्तक. मनाच्या आजारांवर उपचार करताना काय विसरू नये, कोणत्या गोळीबरोबर कोणती तपासणी करावी, कोणता प्रश्न विचारल्याशिवाय रुग्णाला घरी पाठवू नये, हे सगळे जाणत्या डॉक्टरांनी एकत्र बसून त्यात लिहिले होते. विभागातल्या प्रत्येक खोलीत ते होते आणि सगळ्यांना ते मान्यही होते. अडचण एकच होती. पुस्तक कपाटात असायचे आणि रुग्ण समोर.

तेवढ्यात वाऱ्याने नेहमीप्रमाणे चादर उडवायचा प्रयत्न केला. ती चादर फडाफडा बाईंच्या तोंडावर आली. बाईंनी ती हाताने दूर केली, आणि त्यांची नजर माझ्यावर गेली. मी दात घट्ट आवळून चादर धरून होतो.

“हा बघ,” बाई सिस्टरना म्हणाल्या. “याला एक अक्षर पाठ नाही. पण सोडतो का बघ!”

दुसऱ्या दिवशी आमची मूठभर मंडळी दोरीवरून उतरून खालच्या मजल्यावर रुजू झाली. मागे राहिलेले चिमटे आमच्याकडे असे पाहत होते, जणू आम्हाला परदेशी पाठवत आहेत.

आमचे काम सोपे होते. ओपीडी सुरू होण्याआधी सिस्टर सगळ्या फाइली चाळायच्या आणि ज्याची जी गोष्ट आज करायला हवी, त्याच्या फाइलीला त्या रंगाचा चिमटा लावायच्या. आम्ही फाइलीच्या तोंडावरच बसायचो. फाइल उघडायची तर आधी आम्हाला काढायला हवे. काम झाले की डॉक्टरांनी आम्हाला टेबलावरच्या स्टीलच्या वाटीत टाकायचे. वाटीत पडताना ‘टण्ण’ असा आवाज व्हायचा. तो आवाज मला फार आवडतो. काम फत्ते झाल्याचा तो आवाज आहे.

हिरवा चिमटा म्हणजे ‘घरच्या माणसाशी बोला’. लाल चिमटा म्हणजे एक अवघड प्रश्न: ‘तुम्हाला जगणं नकोसं वाटतं का?’ हा प्रश्न विचारताना भल्याभल्यांची जीभ अडखळते. आपण विचारले तर उगाच नको तो विचार डोक्यात येईल, अशी भीती वाटते. खरे तर उलटे होते. कोणीतरी सरळ विचारले म्हणून माणसाच्या छातीवरचे ओझे उतरलेले मी लाल चिमट्याच्या शेजारी बसून पाहिले आहे. आणि मी पिवळा. मन स्थिर ठेवणारी एक गोळी असते. गोळी मोठी गुणाची, पण तिच्यावर नजर ठेवावी लागते. रक्तात तिचे प्रमाण वाढले तर तीच अंगावर उलटते. म्हणून माझा अर्थ असा: ‘रक्त तपासा, आणि दुसरी कुठली गोळी घेता का, ते विचारा.’

सुरुवातीला आमचे कौतुक काय वर्णावे! दुसऱ्या विभागांतले डॉक्टर आम्हाला बघायला यायचे. पण कौतुक पचवणे सगळ्यांनाच जमते असे नाही. विभागातल्या प्रत्येकाला चिमट्यांची हौस चढली. वजनासाठी निळा, झोपेसाठी पांढरा, चालायला जाता का यासाठी जांभळा. एकेक फाइल साळिंदरासारखी दिसू लागली. मग व्हायचे तेच झाले. डॉक्टर फाइल हातात घेऊन तिच्या कडेवरून सरळ हात फिरवायचे, की आम्ही सगळे एकदमच वाटीत! कोण लाल, कोण पिवळा, बघतो कोण? अति तिथे माती म्हणतात, ती ही. बाईंनी ते पाहिले आणि निळे, पांढरे, जांभळे सगळे पुन्हा गच्चीवर पाठवले. “ज्यानं जीव वाचतो तेवढंच टोचलं पाहिजे,” त्या म्हणाल्या. “बाकीचं माणसाला आपलं आपण सुचू द्या.” एका फाइलीला एकच चिमटा, असा दंडक पडला.

पुढे विभागात एक तरुण डॉक्टर आले. बाई मोठ्या, म्हणून हे ‘धाकटे डॉक्टर’ झाले. माणूस अगदी सोन्यासारखा. रुग्णाचे बोलणे असे मन लावून ऐकायचे की माणूस अर्धा तिथेच बरा व्हायचा. पण त्यांच्या बोटांना स्वस्थता म्हणून नव्हती. ऐकता ऐकता ते टाचण्या वाकवायचे, पेनाचे टोपण काढायचे आणि लावायचे. आम्ही चिमटे त्यांच्या हाती लागलो की आमची उघडझाप सुरू. दिवसभराने जबडा दुखायचा माझा.

आणि त्यांच्याकडे यायचे घड्याळजी काका. बाजाराच्या कोपऱ्यावर त्यांचे घड्याळ दुरुस्तीचे दुकान होते. हाताने अत्यंत कसबी. डोळ्याला भिंग लावून बसले की मुंगीच्या पायाएवढा स्क्रूही ते चिमटीत सहज धरायचे. पण कधीकाळी त्यांच्या मनाला असे उधाण आले होते की त्यांनी रात्रीचा दिवस करून दुकानातली एकूण एक घड्याळे उघडली होती. प्रत्येक घड्याळ त्यांना ‘सुधारायचे’ होते! गिऱ्हाइकांची घड्याळे, समोरच्या शाळेचे घड्याळ, स्वतःच्या लग्नातलेही. सगळी चाके एका परातीत. आणि ते उधाण ओसरल्यावर काका असे खचले की कित्येक महिने दुकानाचे दार उघडले नाही. त्या दिवसांतून त्यांना वर काढले ते मन स्थिर ठेवणाऱ्या गोळीने. तेव्हापासून दुकान चालू होते आणि घरात हसणे होते.

एके दिवशी मी त्यांच्या फाइलीवर बसलो होतो. फाइलींचा गठ्ठा बाकाशेजारीच होता. काका आणि काकू बाकावर बसले होते. काकांचे दोन्ही हात गुडघ्यांमध्ये दाबून धरलेले होते, तरी थरथर दिसत होती.

“डॉक्टरांना सांगा की हो,” काकू हळूच म्हणाल्या.

“अजिबात नाही. तू इथंच बस, आत येऊ नकोस,” काका म्हणाले. “हात थरथरतात म्हटलं की ते गोळी बंद करतील. मग परत ती परात आलीच म्हणून समज.”

“मग असंच चालवायचं? काल तुमच्या हातून तीनदा काटा निसटला.”

“तेच तर. गोळी सोडली तर मन जातं, घेतली तर हात जातो. सांगून काय उपयोग?”

माझे लाकूड सुद्धा शहारले. कारण काकांना जे ठाऊक नव्हते ते मला ठाऊक होते. हाताचा हा थरकाप म्हणजे रक्तात गोळी वाढल्याची खूण असू शकते, आणि मी लागलो होतो ते नेमके त्याच कामासाठी. मी स्वतःला म्हटले, ‘चला, आता आत गेले की टण्ण!’

काका आत गेले. हात खिशात घालून बसले. “सगळं झकास आहे,” म्हणाले. आणि त्यांनी आपला हातखंडा प्रयोग सुरू केला, म्हणजे गिऱ्हाइकांच्या गमती. एक बाई पाण्यात पडलेले घड्याळ तांदळाच्या डब्यात ठेवून विसरली, आणि चार दिवसांनी ते भाताबरोबर शिजून ताटात वाढले गेले, असा तो किस्सा होता. धाकट्या डॉक्टरांनी हसत हसत मला फाइलीवरून काढले. मी वाटीकडे पाहिले. वाटी इथे, आणि मी त्यांच्या बोटांत! उघड, मीट, उघड, मीट. काका ताटात वाढलेल्या घड्याळापर्यंत आले तेव्हा डॉक्टर इतके रंगले होते, की त्यांनी मला आपल्याच शर्टाच्या खिशाला लावून टाकले. गोळी तीच, प्रमाण तेच, असे लिहून त्यांनी फाइल मिटली. काका नमस्कार करून गेले.

मित्रांनो, माझी अवस्था काय सांगू! मला तोंड आहे, पण ते फक्त धरायला. मी खिशाला धरून मनातल्या मनात ओरडत होतो, ‘अहो, माझं काम राहिलंय!’ पुढचा रुग्ण आला, त्याच्या पुढचा आला. ओपीडी संपली. डॉक्टर मला छातीवर मिरवत जिना उतरले, रस्त्याने चालले, फळवाल्याकडे थांबले. फळवाल्याने माझ्याकडे बघितले, पण तोही काही बोलला नाही. मोठ्या माणसांच्या खिशाला काहीही लावलेले असले तरी लोक विचारत नाहीत.

घरी त्यांच्या आईने दार उघडले आणि मला पाहून त्या माउलीला हसू आवरेना.

“अरे, हे काय खिशाला लावून आलास? दवाखान्यात आता कपडे वाळत घालतोस की काय?”

डॉक्टर खाली वाकून पाहू लागले. आधी ते हसले. मग हसणे थांबले.

“आई, हा पिवळा आहे.”

“मला दिसतंय की. मग?”

“हा वाटीत असायला हवा होता.”

त्यांनी तिथेच उंबऱ्यात उभे राहून सिस्टरना फोन लावला. “सिस्टर, आज पिवळा कोणाला लावला होता?” सिस्टरना क्षणाचाही विचार करावा लागला नाही. “आज एकच लावला. घड्याळजी काकांना.”

पुढचा फोन काकूंनी उचलला. “झोपलेत ते,” त्या म्हणाल्या. “डॉक्टर, बरं झालं तुम्ही फोन केलात. हात थरथरतात ते त्यांनी तुमच्यापासून लपवलं. त्यात दोन दिवस पोट बिघडलंय त्यांचं. आता तर उभं राहिलं की झोक जातोय. जीभही जड झालीय. मला वाटलं, उन्हाचं असेल.”

“दुसरी कुठली गोळी घेतात का ते? काहीही, कशावरही?”

“गुडघ्याची घेतात ना. माझ्या भावानं दिलीय. त्याला त्या गोळीचा फार गुण आला होता.”

मित्रांनो, घोडे इथे पेंड खात होते. गुडघा शांत करणाऱ्या त्या गोळीमुळे मनाची गोळी अंगातून बाहेर पडायचीच थांबली होती. ती रक्तात साठत चालली होती. मेहुण्याचा हेतू चांगला होता, आणि काकांना वाटले, गुडघ्याचा मनाशी काय संबंध?

“आज मनाची गोळी द्यायची नाही, गुडघ्याचीही नाही,” डॉक्टर म्हणाले. “गाडी करा आणि ताबडतोब इस्पितळात या. मी निघालोच.” आईने पुढे केलेला पाण्याचा पेला त्यांनी तसाच परत दिला. मला खिशावरून काढायचेही त्यांना सुचले नाही. त्यामुळे पुढचे सगळे मी डोळ्यांनी पाहिले. काकांना दोघांनी धरून आत आणले. रक्त काढले. हाताला सलाइन लागले. रक्ताचा अहवाल आला तेव्हा डॉक्टरांनी एक लांब श्वास सोडला. प्रमाण पुष्कळ वाढले होते, पण हाताबाहेर गेले नव्हते. “आणखी दोन दिवस गेले असते तर,” एवढेच ते काकूंना म्हणाले आणि वाक्य अर्धवट सोडून खुर्चीवर बसले. मग त्यांनी मला खिशावरून काढले आणि तळहातावर ठेवून कितीतरी वेळ नुसते बघत राहिले. मला त्यांची दया आली. त्यांनी त्या वेळी माझी उघडझाप केली असती तरी मी हूं की चूं केले नसते.

काका हळूहळू सावरले. घरी जाण्याआधी मोठ्या बाई त्यांच्या खाटेपाशी आल्या. धाकटे डॉक्टर मान खाली घालून उभे होते. त्यांना वाटले, आता आपली खरडपट्टी निघणार.

“तुम्ही विसरलात, यात नवल नाही,” बाई म्हणाल्या. “माणूस विसरतो म्हणून तर चिमटा आणला. चूक अशी की चिमटा आपण आपल्याच हातात ठेवला. ज्याच्या अंगात गोळी जाते, त्याला त्या चिमट्याचा अर्थ कुणी सांगितलाच नाही.”

“मला कुठं ठाऊक होतं तो पिवळा कशासाठी असतो!” काका उशीवरून म्हणाले. “मला वाटलं, फाइल उघडी पडू नये म्हणून लावतात.”

त्या दिवसापासून आमच्या कामाची रीत बदलली. आता सिस्टर चिमटा फाइलीला लावत नाहीत, रुग्णाच्या हातात देतात. देताना त्याचा अर्थ सांगतात. रुग्णाने तो घेऊन आत जायचे आणि काम झाल्याशिवाय सोडायचा नाही. काम झाले की वाटीत त्यानेच टाकायचा. सुरुवातीला डॉक्टरांना हे जरा जड गेले. रुग्ण हातात चिमटा घेऊन आपल्या तोंडाकडे बघत बसला आहे, ही कल्पनाच अनेकांना रुचेना. पण सवय झाली. एक आजीबाई तर लाल चिमटा टेबलावर आपटून म्हणाल्या, “विचारा की मेल्यांनो, मी वाट बघतेय!” पुढे टेबलावर संगणक आला आणि त्याच्या पडद्यावरही सूचना उगवू लागल्या. तो मोठा हुशार आहे. आमचे त्याच्याशी भांडण नाही. डॉक्टरांना आठवण तो करतो, रुग्णाला आम्ही करतो.

पण मला सांगायचे आहे ते रीत बदलल्यानंतरच्या काकांच्या पहिल्या खेपेबद्दल. मनाची गोळी त्यांना कमी प्रमाणात पुन्हा सुरू केली होती. गुडघ्याला आता शेक आणि व्यायाम होता. मेहुण्याची गोळी मेहुण्याकडे परत गेली होती. काकू या वेळी त्यांच्याबरोबर आत आल्या. काकांच्या मुठीत मी होतो. धाकट्या डॉक्टरांना खरे तर एकच गोष्ट विचारायची होती, हाताची थरथर थांबली का, पण त्यांचा धीर होत नव्हता. ते पेनाचे टोपण काढत होते आणि लावत होते.

काका मला टेबलावर ठेवायला गेले आणि माझी स्प्रिंग निसटली. इतक्या वर्षांची ती, थकली होती बिचारी. माझे दोन पाय दोन बाजूंना पडले आणि स्प्रिंग टेबलावर घरंगळली. मला वाटले, आटोपला कारभार.

“राहू द्या काका,” डॉक्टर म्हणाले. “दुसरा देतो.”

“दुसरा कशाला?” काका म्हणाले. त्यांनी खिशातून भिंग काढून डोळ्याला लावले. माझा एक पाय डाव्या हाताच्या चिमटीत धरला, दुसरा त्यावर टेकवला. मग उजव्या हाताने स्प्रिंग उचलली, तिचे एक टोक खाचेत बसवले आणि दुसरे टोक अंगठ्याने ताणून हलकेच आत सरकवले. मी त्या बोटांत होतो, म्हणून शपथेवर सांगतो. थरथर नव्हती. नावालाही नव्हती.

डॉक्टरांचे टोपण हातातच राहिले होते. काकूंनी पदर डोळ्यांना लावला. काकांनी मला दोनदा उघडून मिटून पाहिले, भिंग काढले आणि मला तसेच मुठीत धरून बसले.

“हं डॉक्टर,” ते म्हणाले. “आता विचारा. त्याशिवाय हा मी वाटीत टाकणार नाही.”

डॉक्टरांनी विचारले. रक्ताची चिठ्ठी लिहिली. दुसरी कुठली गोळी घेता का, हे आधी काकांना आणि मग काकूंनाही विचारले. मग मी वाटीत पडलो. टण्ण!

मित्रांनो, मी अजून कामावर आहे आणि मजेत आहे. तुमच्याकडे माझे एकच मागणे आहे. तुमच्या घरी कोणी औषध घेत असेल, मनाचे असो वा गुडघ्याचे, तर त्यांच्याबरोबर दवाखान्यात जा आणि त्यांना सगळ्या गोळ्या डॉक्टरांसमोर मांडायला सांगा. आणि तुम्हाला कोणी एखादी आठवण करून दिली, तर ‘माहीत आहे मला’ म्हणून त्याला गप्प बसवू नका. धाकट्या डॉक्टरांनाही सगळे माहीत होते. माणूस विसरतो ते माहीत असलेलेच. जे माहीतच नाही, ते कोण कसे विसरेल?